चौरस मीटरला चार रुपये

रायबंदरहून फेरीबोट सुटली तेव्हा
माझ्याकडे एक टेप, सतरा अर्ज,
आणि मोबाईलवर एक नकाशा, ज्यात चोडणचं खाजन
अजून हिरवंगार होतं.

बांध फुटून बारा दिवस झाले होते.
भरतीला पाणी आत यायचं,
ओहोटीला थोडं परतायचं, मीठ मागे ठेवून.
भाताची पाती टोकापासून तांबूस,
खेकड्यांची बिळं, कुणाची तरी एक चप्पल,
उंचवट्यावरच्या वाळल्या चिखलावर
पांढरी साय.

टेप मी धरते, पिएदाद फुर्तादो म्हणाली.
फ्रॉक खोचून उतरलीसुद्धा, सत्तरीची बाई.
एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी,
मध्ये बाराशे चौरस मीटर पाणी.

एक-चौदाच्या उताऱ्यावर तेवीस नावं.
अकरा सिमितेरीत, पाच पोर्तुगालात,
दोघं स्विंडनला, एकाचं कुणालाच माहीत नाही,
उरलेली चार हिच्याशी बोलत नाहीत.
कुळाच्या रकान्यात सासऱ्याचं नाव,
तेही चुकलेलं.
हेच का ते? मी विचारलं.
हेच, म्हणाली. सरकारात त्याला असंच म्हणतात.

नुकसान: मी शंभर टक्के लिहिलं.
चौरस मीटरला चार रुपये,
म्हणजे चार हजार आठशे.
सहीसाठी अर्ज पुढे केला
तर तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला,
आणि मानशीजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

तिथे वाफाभर कोरगूट उभं होतं.
जुनं, उंच, खाऱ्या पाण्यात पाय घालून.
सासू त्या कोपऱ्यात पेरायची म्हणून हिनेही पेरलेलं.
बाकीच्या शेतात आमच्या खात्याचं बियाणं,
ते आडवं.

नव्वद लिही, म्हणाली.
मावशी, कोण बघायला येतंय, मी म्हटलं.
तर म्हणाली, तें उबें आसा.
पडलें म्हूण बरयलें जाल्यार
ताका वायट दिसतलें.

खोडलं की बाजूला सही करावी लागते.
केली. चारशे ऐंशी रुपये वजा.

पुढचा रकाना: नुकसानीचं कारण.
इथे दोघंही थांबलो.
मानशीचं दार त्या रात्री भरतीला उघडं होतं,
हे मला फेरीवर फुकटात कळलं होतं.
दार उघडं ठेवलं की जाळ्यात मासळी येते.
दार सांभाळतो रोमाल्द,
हिच्या बहिणीचा मुलगा, तीन पोरांचा बाप.
माणसाने उघडलेल्या दाराला
योजनेत पैसे नाहीत.
आणि अर्ज होते सतरा.

एक खेकडा बिळात शिरत होता, तिकडे ती बघत राहिली.
पाऊसही होताच, म्हणाली.
होता, मी म्हटलं,
आणि लिहिलं: अतिवृष्टी.

वाफाभर भाताबद्दल एवढी काटेकोर बाई!
पण अक्षर तर माझं होतं.

फेब्रुवारीत फेरीवरच भेटली, हातात पावांची पिशवी.
मोबाईल पुढे केला: इंग्रजी आहे, वाच.
चार हजार तीनशे वीस.
बरोबर, म्हणाली. आणि संपलेसुद्धा,
बांधाच्या चिखलाला माणसं घातली.
रोमाल्द फुकट आला, आठ दिवस.
कुणी बोलावलं नव्हतं.
जेवायलाही वर येत नव्हता.

मी पाण्याकडे बघत होतो.
ती माझ्याकडे.

यंदा सगळं कोरगूट घालणार, म्हणाली,
फेरीची फळी धक्क्यावर आपटता आपटता.
तुझ्या खात्याचं नको.
रागावू नको हं.